कृत्रिम बुद्धिमत्तेचे सरकारी नियमन आणि शेतकरी

गणकयंत्रास असंख्य उदाहरणे दाखवून, मनुष्याने बुद्धीने करावयाची कामे त्याजकडून करवून घेण्याच्या विद्येस कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. हिचा आपल्या शेतीशी संबंध काय, असे कित्येकांस वाटेल. परंतु प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ सालापासून भात व गहू यांच्या, आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनच्या उत्पन्नाचा अंदाज ठरविताना, उपग्रहचित्रे व गणकयंत्राच्या पद्धती यांवरून निघालेल्या आकड्यास किमान ३० टक्के भार देण्याचे ठरलेले आहे. अर्थात भरपाई मिळणार की नाही, हे आता केवळ पीक कापणी प्रयोगावर अवलंबून राहिलेले नाही. म्हणून या यंत्रविद्येस सरकारचा लगाम कोणत्या प्रकारचा आहे, हे जाणून घेणे आपणांस अगत्याचे आहे.

नियमनाचे दोन मार्ग दिसून येतात. पहिला युरोपीय संघाचा. तेथे या एका विषयाचा स्वतंत्र कायदा झाला व तो १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यातील कलमे मात्र टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. त्यात धोक्याच्या मानाने प्रतवारी केली आहे. काही उपयोग सर्वस्वी वर्ज्य, काहींवर कडक अटी, व पुष्कळांस जवळजवळ मोकळीक, अशी ती योजना आहे.

आपल्या केंद्र सरकारने दुसरा मार्ग धरला. १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचना काढली की, पुरती कसोटी न झालेल्या यंत्रपद्धती लोकांपुढे आणण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी. तीवर टीका झाली आणि १५ मार्च रोजी परवानगीची अट गाळण्यात आली. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने या विद्येच्या वाढीसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांचा मथितार्थ असा की, तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान, ग्राहक संरक्षण, वैयक्तिक माहितीचे संरक्षण इत्यादी विषयांचे कायदे आहेत, ते लावावे व उणीव दिसेल तेथे दुरुस्ती करावी. त्यांत सात सूत्रे सांगितली आहेत. उत्तरदायित्व असावे व यंत्राचे काम समजण्याजोगे असावे, ही त्यांपैकी दोन. तसेच निर्बंधापेक्षा नवनिर्मितीस प्राधान्य द्यावे, हेही एक.

या धोरणात शहाणपण नाही असे आम्ही म्हणत नाही. रोपाने मूळ धरण्यापूर्वीच छाटणी करू नये, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु मार्गदर्शक तत्त्व म्हणजे उपदेश. कायद्याचे बंधन नव्हे. फेरफाराची रीत पाहा. तलाठ्याने नोंद धरली म्हणजे हितसंबंधीयांस नोटीस जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. चौकशी होऊन निर्णय होतो व त्यावर अपीलही चालते. ही रीत कोणाच्या सौजन्यावर सोडलेली नसून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये बांधून दिलेली आहे. सही करणारा कोण, हे नोंदीवरूनच कळते. यंत्राच्या आकड्याखाली सही कोणाची? विम्याच्या तक्रारीसाठी जिल्हा समिती आहे खरी. पण आकडा कशावरून निघाला हेच ठाऊक नसेल, तर तक्रारदाराने तेथे जाऊन मांडावे काय?

याकरिता शेतकरी बंधूंस आमच्या तीन सूचना आहेत :

१. प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणीची नोंद स्वतः वेळेवर करावी व सातबाऱ्यावर ती बरोबर उतरली की नाही, हे पाहावे. यंत्राविरुद्ध बोलावयाचे तर हातात कागद पाहिजे.

२. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी व मगच समितीकडे जावे.

३. संस्थांनी ठराव करून सरकारकडे मागणी करावी की, यंत्राने ठरविलेल्या प्रत्येक आकड्याबरोबर जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा, आकड्याचा आधार सोप्या मराठीत, आणि हरकतीची मुदत जाहीर व्हावी.

महाराष्ट्र सरकारनेही जून २०२५ मध्ये शेतीत या विद्येच्या उपयोगाचे २०२९ पर्यंतचे धोरण मंजूर केले आहे. म्हणजे असे आकडे वाढतच जाणार. यंत्र येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ते जरूर यावे. मात्र त्याच्या निर्णयास जबाब देणारा मनुष्य त्याच्या शेजारी उभा असावा, एवढेच.