समुद्र सगळ्यांचा, भाव खिडकीचा : गेटजवळ होमस्टे काढण्याआधीचा हिशोब



मुंबईचं ताजमहाल पॅलेस हॉटेल घ्या. शहराकडची खोली आणि समुद्राकडची खोली, दोन्हींचे भाव वेगळे. समुद्र काही हॉटेलच्या मालकीचा नाही, तरी खिडकीचे जास्त पैसे मिळतात. १९०३ साली हॉटेल सुरू झालं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडियाही नव्हता. तो खुला झाला १९२४ मध्ये. आज पाहुणा दाराबाहेर पडला की गेटवे, कुलाब्याचा बाजार, वस्तुसंग्रहालय, सगळं पायी. म्हणजे पाहुणा खोलीइतकेच जागेचेही पैसे देतो.

आता आपल्याकडे या. मोहर्ली, कोलारा किंवा नवेगावला तुमचं घर असेल, तर तुमचा समुद्र म्हणजे ताडोबा. पहाटेच्या सफारीसाठी पाहुण्याला गेटजवळ मुक्काम हवा असतो. हीच तुमची खिडकी.

पण एक मोठा फरक आहे. मुंबईचा समुद्र बारा महिने उघडा. ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, आणि दर मंगळवारी बंद.

वही-पेन घ्या

१ ऑक्टोबर ते ३० जून म्हणजे २७३ दिवस. त्यातले ३९ मंगळवार वजा केले की उरले २३४. दोन खोल्या असतील तर विकायला ४६८ खोली-रात्री. पुष्कळ जण इथेच चुकतात. ३६५ दिवस धरून ७३० मांडतात.

समजा, कर्जाचा हप्ता १०,००० आणि मदतनीस वगैरे ८,००० रुपये महिना. गेट बंद असलं तरी हप्ता थांबत नाही, म्हणून हा खर्च बारा महिन्यांचा धरा : २,१६,००० रुपये.

खोलीचा भाव १,५०० ठेवला आणि नाश्ता, धुलाई, वीज यांवर ४०० गेले, तर हातात १,१००. नुसता खर्च भरून निघायला १९७ खोली-रात्री लागतात. म्हणजे सुमारे ४२ टक्के.

आता शेजाऱ्याशी स्पर्धा म्हणून भाव १,००० केला. हातात उरले ६००. लागतील ३६० खोली-रात्री, म्हणजे ७७ टक्के! भाव एक तृतीयांश पाडला, मेहनत जवळपास दुप्पट झाली.

मग भाव न पाडता काय करायचं?

१. पहाट सांभाळा. जिप्सी येण्याआधी गरम चहा, सोबत नाश्त्याचा डबा, थंडीत पांघरायला ब्लँकेट. पाहुणा हे विसरत नाही.

२. मंगळवार विका. गाभा बंद असतो, चंद्रपूर नाही. गोंडकालीन परकोट, जटपुरा दरवाजा, महाकाली मंदिर दाखवा. वेळ असेल तर गडचिरोलीतलं वैनगंगेकाठचं मार्कंडा. सोमवारची रात्र त्यामुळे भरू शकते.

३. ताटात गोष्ट वाढा. एचएमटी तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. तोच भात वाढा आणि हे सांगा. अशी गोष्ट मोठ्या रिसॉर्टलाही विकत आणता येत नाही.

पावसाळ्यात बफरमधल्या सफारीचे पाहुणे आले तर तो बोनस समजा. हप्त्याच्या हिशोबात धरू नका.

आजचा गृहपाठ : वरच्या आकड्यांच्या जागी स्वतःचे आकडे टाका. ६० टक्क्यांच्या वर खोल्या भरल्याशिवाय खर्च निघत नसेल, तर बँकेत जायच्या आधी एकाच खोलीपासून सुरुवात करा. खोली पुढच्या वर्षी वाढवता येते, घेतलेलं कर्ज मात्र फेडावंच लागतं.