सॅक्रामेंटोची सोळा वर्षे : संघ मोडावा की राखावा?



एप्रिल २०२५ मधील गोष्ट आहे. नवे सत्र नुकतेच सुरू झाले होते. मधल्या सुट्टीत मैदानाकडच्या जिन्यावर नववीतील चार-पाच मुले तावातावाने बोलत होती. आम्हाला वाटले, भांडण आहे. जवळ गेल्यावर कळले की विषय होता अमेरिकेतील सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉलचा संघ. त्याच आठवड्यात तो संघ डॅलसकडून १२०-१०६ असा हरून स्पर्धेबाहेर गेला होता. एकजण म्हणत होता, "सबोनिसला विकून टाका, सगळा संघ मोडा आणि नवी पोरे घेऊन पहिल्यापासून सुरू करा." दुसरा म्हणत होता, "पुन्हा मोडायचा? मग बांधायचा कधी?" आम्हाला पाहून सगळे गप्प झाले. आम्ही म्हटले, "बोला रे, आम्हालाही ऐकायचे आहे."

आमची पदवी हिंदी माध्यमातली. आजही क्रिकेटच्या डावाला आमच्या तोंडून 'पारी' निघून जाते, आणि मुले हसतात. बास्केटबॉलचे तर सारेच शब्द आम्हाला नवे. पण त्या दिवशी मुलांकडून जे ऐकले आणि नंतर जे वाचले, त्यात गणित, इतिहास आणि कारभार असे तिन्ही विषय एकत्र सापडले, म्हणून हा पाठ.

इंदूरच्या मुलांना सॅक्रामेंटो कुठून ठाऊक? त्याचे कारण मुंबईत आहे. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत एन.एस.सी.आय. डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. एन.बी.ए. या अमेरिकन लीगचे भारतातील हे पहिलेच सामने. पहिला सामना तर मुंबईच्या सत्तरहून अधिक शाळांतील सुमारे तीन हजार मुलांसाठी राखून ठेवला होता. जिन्यावरच्या मंडळींपैकी एकजण तेव्हा मामाकडे मुंबईला गेला होता. मामाने दुसऱ्या दिवशीचा सामना दाखवला. दोन्ही सामने इंडियानाने जिंकले, पहिला तर जादा वेळेत १३२-१३१ असा. आमचा विद्यार्थी मात्र हरलेल्या संघाच्या प्रेमात पडून परतला. असे होते कधी कधी.

या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकायला गेले आणि पुढे संगणक-उद्योगात मोठे झाले. २०१३ साली त्यांच्या गटाने किंग्ज विकत घेतला, तेव्हा एन.बी.ए. संघाचे ते पहिले भारतीय जन्माचे प्रमुख मालक ठरले. त्याआधी हा संघ सिएटल शहराला जाणार, असे जवळजवळ ठरले होते. सॅक्रामेंटोकरांनी आणि त्यांच्या महापौरांनी मोठा लढा दिला. शेवटी लीगच्या इतर मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी खरी, पण लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या सावलीत राहिलेली. वर्षानुवर्षे मोठ्या लीगमधला हा एकच संघ त्या शहराकडे होता. अशा शहरात संघ हरतो तेव्हा नुसता संघ हरत नाही.

आणि हा संघ किती हरला? विजेतेपद मिळाले ते एकदाच, १९५१ साली. तेव्हा तो रॉचेस्टर रॉयल्स या नावाने दुसऱ्याच गावी खेळत होता. २००२ साली अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर पोहोचला, पण लॉस एंजेलिस लेकर्सकडून सातव्या सामन्यात, तोही जादा वेळेत, हरला. पुढे २००६ नंतर तर सलग सोळा हंगाम तो प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरीतही पोहोचला नाही. एन.बी.ए.च्या इतिहासात एवढा दीर्घ दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही.

आता मुलांच्या वादाकडे येऊ. "सबोनिसला विकून टाका" हे वाक्यच मुळात चुकीचे आहे. युरोपातील फुटबॉलप्रमाणे येथे पैसे मोजून खेळाडू विकत घेत नाहीत. येथे अदलाबदल होते. एक खेळाडू द्यायचा, दुसरा घ्यायचा, किंवा पुढच्या वर्षीचा निवडीचा हक्क घ्यायचा. संघाच्या एकूण पगारावर लीगची मर्यादा असते, म्हणून अदलाबदलीत पगारांचाही मेळ जुळवावा लागतो. आपल्या गृहिणी महिन्याचा खर्च बसवतात, तसेच हे.

नवे खेळाडू येतात 'ड्राफ्ट'मधून. दरवर्षी तीस संघ क्रमाने एकेक तरुण निवडतात, अशा दोन फेऱ्या होतात. २०१५ साली पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला तो पहिला निवडलेला खेळाडू. क्रम असा लावतात की दुबळ्या संघांना आधी संधी मिळावी. पण मग मुद्दाम हरण्याचा मोह होतो, म्हणून वरच्या क्रमांकांसाठी लॉटरी काढतात. १ ते १४ अंकांचे चेंडू एका यंत्रात फिरवून चार काढायचे. चारांचे गट किती होतील? १४ × १३ × १२ × ११ भागिले २४, म्हणजे १००१. एक गट बाद करायचा आणि उरलेले १००० गट संघांमध्ये वाटायचे. पूर्वी सर्वांत वाईट संघाला २५० गट मिळत. २०१९ पासून खालच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० मिळतात. म्हणजे जो सर्वांत जास्त हरला, त्यालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता शंभरात चौदाच. "सगळे मोडा" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

किंग्जच्या बाबतीत नशिबापेक्षा घाई जास्त नडली, असे आम्हाला वाटते. जुलै २०१५ मध्ये नामवंत खेळाडू घेण्यासाठी त्यांना पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. म्हणून त्यांनी तीन खेळाडू फिलाडेल्फियाला देऊन टाकले. सोबत भविष्यातील पहिल्या फेरीची एक निवड दिली, आणि पुढील वर्षांत हवे तर आपला क्रमांक बदलून घेण्याचा हक्कही दिला. नामवंत आले, तरी संघाने त्या हंगामात ३३ सामने जिंकले आणि ४९ हरले. पुढे २०१७ च्या लॉटरीत किंग्जचे नशीब उघडले, तिसरा क्रमांक लागला! पण दोन वर्षांपूर्वीच्या कराराने तो फिलाडेल्फियाकडे गेला आणि किंग्जच्या हाती पाचवा उरला. फिलाडेल्फियाने तो तिसरा क्रमांक पुढे बोस्टनला दिला, आणि बोस्टनने त्यावर निवडला जेसन टेटम. तोच टेटम २०२४ साली बोस्टनकडून विजेता ठरला. किंग्जनेही पाचव्या क्रमांकावर डिएरन फॉक्स हा उत्तम खेळाडू मिळवला, हे मान्य. पण लॉटरी लागूनही बक्षीस दुसऱ्याच्या घरी जाणे म्हणजे काय, ते त्या चाहत्यांना विचारा.

२०१८ साली पुन्हा दैव प्रसन्न झाले. संघ २७ सामने जिंकून ५५ हरला होता, आणि लॉटरीत दुसरा क्रमांक लागला. समोर स्लोव्हेनियाचा लुका डोन्चिच होता. एकोणीस वर्षांचा, पण रेआल माद्रिदकडून युरोपचे विजेतेपद मिळवून आलेला. किंग्जने निवडला मार्विन बॅगली. डोन्चिच डॅलसला गेला आणि जगातील अव्वल खेळाडूंपैकी एक झाला. बॅगली चार वर्षांच्या आतच संघातून गेला. म्हणजे संधी मिळणे वेगळे आणि संधी ओळखणे वेगळे.

प्रशिक्षकांचा हिशोब तर आणखी बोलका आहे. सोळा हंगामांत हंगामी धरून अकरा प्रशिक्षक झाले. त्यांतील मायकेल मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये, हंगामाचे २४ सामने झाल्यावर काढले. त्या सामन्यांत ११ विजय होते आणि संघाचा मुख्य खेळाडू मधले काही सामने आजारी होता. याच मलोन यांनी पुढे डेन्व्हर संघ आठ वर्षे घडवला आणि २०२३ साली त्याला विजेतेपद मिळवून दिले.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हे लिहिताना आमचाच हात अडखळला. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या मुलींच्या संघासाठी आम्ही चार वर्षांत तीन प्रशिक्षक बदलले. जिल्हा पातळीवर पहिल्या फेरीत हरलो की बदल. त्या निर्णयांवर सही आमची होती, विश्वस्त मंडळाला दोष देण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वेळी आठवीतील एका मुलीने सहज विचारले, "सर, या वर्षी कोण शिकवणार?" प्रश्नात तक्रार नव्हती. तिला ते नेहमीचेच झाले होते. त्यानंतर आम्ही प्रशिक्षक बदलला नाही. संघ अजून जिल्ह्यात जिंकलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

परत सॅक्रामेंटोला जाऊ. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी किंग्जने सर्वांना धक्का दिला. टायरीस हॅलिबर्टन हा दुसऱ्याच वर्षाचा, चाहत्यांचा लाडका खेळाडू त्यांनी इंडियानाला दिला आणि डोमांतास सबोनिसला आणले. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटो सोडायचे नव्हते. चाहते फार चिडले. मात्र पुढच्याच हंगामात, माइक ब्राउन या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, संघाने ४८ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरा आला. सोळा वर्षांचा दुष्काळ संपला. प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या माथ्यावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायचा, ही प्रथा त्याच हंगामात पडली. सारे गाव तो झोत पाहायला मान वर करून उभे राहायचे. बाद फेरीत गोल्डन स्टेटशी सात सामने झाले. सातव्यात स्टीफन करीने ५० गुण केले, आणि किंग्ज हरले. पण त्या पराभवावर कोणी चिडले नाही.

मग पुढे काय झाले? २०२४ मध्ये ४६ विजय मिळूनही बाद फेरी हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये, १३ विजय व १८ पराभव अशी स्थिती असताना ब्राउन यांना काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि झॅक लाव्हीन आला. ४० विजय, ४२ पराभव, आणि डॅलसकडून ती हार. त्याच रात्री संघाचे महाव्यवस्थापकही गेले. दोनच महिन्यांनी हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले. तेथे त्याच्या पायाची शीर तुटली आणि विजेतेपद ओक्लाहोमा सिटीला मिळाले, पण सॅक्रामेंटोतील चाहत्यांनी तो महिना कसा काढला असेल!

जिन्यावर विजेतेपदाच्या शक्यतेबद्दल वाद नव्हताच. ती नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. वाद पुढचा होता. "मोडा" म्हणणाऱ्याचा मुद्दा असा की मधल्या स्थानावरचा संघ दोन्हीकडून जातो. विजेतेपदही नाही आणि लॉटरीत वरचा क्रमांकही नाही. हा मुद्दा खरा आहे. "राखा" म्हणणाऱ्याचा मुद्दा असा की सबोनिसने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून उसळलेले चेंडू, मिळवले. असा माणूस देऊन जो येईल, तो निवडणारे डोळे तरी बरे आहेत का? आमच्या मते हा दुसरा प्रश्न अधिक जड आहे. २०२२ ची अदलाबदल आम्ही चूक मानत नाही. हॅलिबर्टन मोठा झाला म्हणून सबोनिस लहान होत नाही. चूक झाली ती त्यानंतर, जेव्हा दोन चांगल्या हंगामांनंतरचा एक वाईट काळ संघाला सोसवला नाही. मामाकडून सामना पाहून आलेला आमचा विद्यार्थी यावर म्हणाला, "सर, तुम्ही दोन वर्षांपासून बघताय. आम्ही सहा वर्षांपासून बघतोय." आमच्याकडे उत्तर नव्हते.

दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : लॉटरीत खालच्या तीन संघांकडे प्रत्येकी १४० गट आहेत, तर त्यांपैकी एकालाही पहिला क्रमांक न मिळण्याची संभाव्यता किती? आणि यंत्रात १४ ऐवजी १२ चेंडू असते, तर चारांचे किती गट झाले असते? उत्तरे शनिवारपर्यंत गणिताच्या बाईंकडे द्यावीत. लहान वर्गांनी भूगोलाच्या नकाशात सॅक्रामेंटो, इंडियाना आणि डॅलस शोधून दाखवावे. जिन्यावरच्या मंडळींना शनिवारी सभागृहात बोलायचे आहे. विषय तोच, फक्त बाजू बदललेल्या असतील. "मोडा" म्हणणारा "राखा" या बाजूने बोलेल. पालकांनी अवश्य यावे, चहा शाळेकडून.