ड्रायरचा ब्रेक

नेरूळ

चि. सोनू,

रविवारी द्रोणागिरीला आलो तेव्हा सूनबाईने वॉशिंग मशीनच्या ड्रायरचं झाकण उघडलं आणि आतला डबा फिरतच राहिला. तिने सवयीने हात घातला. मी ओरडलो, ते तुला लागलं. पण ते आवश्यक होतं.

ब्रेकची वायर तुटल्यावर मोटर नुसती गुणगुणायची, म्हणून मेकॅनिकने ब्रेक तारेने ओढून बांधला, असं तू म्हणालास. अरे, त्याने दुरुस्ती केली नाही, राखणदाराचे हात बांधले. झाकण लावलं की वायर ताणली जाते आणि ब्रेकचा पट्टा मोटरवरच्या चाकापासून सुटतो. झाकण उघडलं की स्प्रिंग तो पट्टा चाकावर दाबते. वायर तुटली तर ब्रेक लागलेलाच राहावा, अशीच ही रचना आहे. झाकण उघडल्यावर वीज तुटते, पण मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेणारा डबा लगेच थांबत नाही. ओल्या ओढणीचं टोक बोटांना गुंडाळलं गेलं, तर हात सोडवायला वेळच मिळत नाही.

मी बॅटरी मारून मागून पाहिलं. पट्टाही झिजून आरशासारखा गुळगुळीत झालाय. वायर आणि पट्टा दोन्ही बदल. जुने भाग नमुन्याला घेऊनच दुकानात जा, 'असाच असेल' म्हणून दिलेला घेऊ नकोस.

काम करताना बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढ. टाकीतलं पाणी सोड. कॅपॅसिटरच्या टोकांना हात लावू नकोस, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. तुमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजलेत. त्यांना तेल लाव, पण त्याचा थेंबही पट्ट्यावर किंवा चाकावर पडू देऊ नकोस, नवा ब्रेकही घसरेल. आधी चाक कोरड्या फडक्याने पूस.

मग झाकण लावून मागच्या बाजूने मोटरवरचं चाक हाताने फिरव. पट्टा कुठेही घासता कामा नये. झाकण उघडल्यावर डबा हाताने हलता कामा नये. एवढं जमल्यावरच प्लग लाव.

तोवर कपडे हाताने पिळा, दोरीवर निथळू द्या. आणि ती बांधलेली तार आजच काढ.

तुझा,
मामा