विकावे की ठेवावे?
(छायाचित्रणाची साधने आणि त्यांच्या विक्रीची वेळ)

प्रस्तावना

शेतकऱ्याचा बैल, शिंप्याचे यंत्र, सुताराची हत्यारे, छायाचित्रकाराचा कॅमेरा, या सर्व पोटाला देणाऱ्या वस्तू आहेत. अशी वस्तू विकण्याचा प्रसंग आला, म्हणजे माणसाच्या मनात दोन विचार झगडू लागतात. 'आज विकली तर उद्या काम कशावर करायचे?' हा एक. 'आज विकली नाही तर उद्या हिला कोण विचारणार?' हा दुसरा. या पाठात आपण छायाचित्रणाच्या साधनांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा शांतपणे विचार करणार आहोत. तुमचा व्यवसाय वेगळा असला तरी विचाराची ही पद्धत तुम्हांला उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• साधनाची खरेदीची किंमत आणि आजचे मोल यांतील फरक सांगता येईल;
• साधन ठेवण्याचा खर्च मांडून विक्रीचा निर्णय घेता येईल;
• विक्री करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल;
• विध्यर्थी क्रियापदे ओळखून त्यांचा वापर करता येईल.

मूलपाठ

१. एका कॅमेऱ्याची गोष्ट

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. हे नवे आश्चर्य पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मराठी छायाचित्रकार भारावून गेले. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी लंडनहून चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागवला. त्याची किंमत २१ गिनी, म्हणजे २२ पौंड १ शिलिंग होती. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण त्यांनी याच साधनाने केले. त्या चित्रणाची फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही सावेदादांनी टिपले. १९०३ मध्ये ते दिल्लीस गेले आणि तेथील दरबाराचे चित्रण केले.

पुढे सावेदादांच्या बंधूंचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी आपला कॅमेरा विकला. तो आनंदराव करंदीकर आणि त्यांचे सहकारी पाटणकर व दिवेकर यांच्याकडे गेला. यांपैकी श्रीनाथ पाटणकर मूकपटांच्या काळात निर्माते म्हणून नावारूपास आले. सावेदादा नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाकडे वळले आणि १९५८ पर्यंत जगले.

या घटनेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. भारतीय चित्रपटाच्या आरंभीचा एक कुशल हात कॅमेऱ्यापासून दूर झाला, ही हानी खरीच. परंतु तोच कॅमेरा पेटीत धूळ खात पडला नाही. तो दुसऱ्या हातांत गेला आणि पुन्हा कामाला लागला. मालकाचे आयुष्य बदलते तेव्हा त्याच्या दृष्टीने साधनाचे मोलही बदलते. वस्तू मात्र तीच असते.

याच्या उलट उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. त्यांनी १९१२ मध्ये आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला, लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला. अडचण दोघांनाही होती. एकाचे काम संपत आले होते, दुसऱ्याचे सुरू होत होते. म्हणून एकाने साधन विकले आणि दुसऱ्याने साधनासाठी इतर वस्तू गहाण टाकली.

२. साधने एकाच गतीने जुनी होत नाहीत

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात मानेसर हे औद्योगिक नगर आहे. मोटारींच्या आणि इतर कारखान्यांमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतून माणसे कामासाठी येतात. त्यांना ओळखपत्रासाठी छायाचित्र लागते. मुलाचे बारसे, बहिणीचे लग्न, कारखान्यातील निरोपसमारंभ यांसाठी छायाचित्रकार लागतो. अशा ठिकाणी लहानसे दुकान चालवणाऱ्या माणसाकडे साधारणपणे दोन कॅमेरे, तीन-चार लेन्स, फ्लॅश, दिवे आणि तिवई एवढा संसार असतो.

या सर्व वस्तूंचे मोल सारख्या वेगाने उतरत नाही. अंकीय कॅमेऱ्याचा मुख्य भाग, ज्याला या धंद्यात 'बॉडी' म्हणतात, तो सर्वांत लवकर उतरतो; कारण दर काही वर्षांनी नवे प्रकार बाजारात येतात. शिवाय कॅमेऱ्याच्या यांत्रिक झडपेला, म्हणजे शटरला, आयुष्य असते. कित्येक कॅमेऱ्यांत ते एक ते दोन लाख छायाचित्रांचे धरलेले असते. म्हणून जाणता ग्राहक 'किती वर्षे वापरला?' यापेक्षा 'किती छायाचित्रे काढली?' असे विचारतो.

चांगल्या लेन्सचे मोल सावकाश उतरते. काच स्वच्छ असेल, तर दहा वर्षांपूर्वीची लेन्सही उत्तम काम देते. तिचे दोन शत्रू आहेत. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे काचेवर बुरशी धरते. मानेसरसारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यातील बारीक धूळ आत शिरते. ज्या लेन्सला बुरशी लागली, तिचे मोल पुष्कळ घटते. तिवई आणि दिवे यांना जुन्या बाजारात फारसे पैसे येत नाहीत. पण ते वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून ते सहसा ठेवावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅमेरा आणि लेन्स यांचा सांधा जुळावा लागतो. निकॉन कंपनीचा एक सांधा १९५९ पासून आणि कॅनन कंपनीचा १९८७ पासून चालत आला. २०१८ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे सांधे आणले. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर बसवण्यासाठी जोडतुकडे मिळतात. त्यामुळे जुनी बॉडी विकली म्हणून सर्व लेन्सही त्याच दिवशी विकल्या पाहिजेत, असे नाही.

मात्र तंत्रच बदलते, तेव्हा वाट पाहणे महाग पडते. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत अंकीय कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये तयार झाला. परंतु कंपनीचा सारा व्यवसाय फिल्मवर उभा होता. २००९ मध्ये तिने आपली नावाजलेली कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सुटले नाही, ते लहान दुकानदाराला कसे सुटावे? फिल्म धुण्याची यंत्रे 'पुन्हा दिवस येतील' म्हणून सांभाळणाऱ्यांना शेवटी ती भंगारात द्यावी लागली.

३. हिशेब मांडून पाहू या

समजा, एका छायाचित्रकाराने तीन वर्षांपूर्वी ९०,००० रुपयांना दुसरा कॅमेरा घेतला. आज त्याचे ४०,००० रुपये येतात. एक वर्षाने ३०,००० येतील, असा अंदाज आहे. वर्षभराची देखभाल २,००० रुपये आहे. म्हणजे हा कॅमेरा आणखी एक वर्ष ठेवण्याचा खर्च १०,००० अधिक २,००० असा १२,००० रुपये झाला.

असाच कॅमेरा दिवसाला १,००० रुपये भाड्याने मिळतो, असे धरू. वर्षात आठच दिवस दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज पडत असेल, तर भाडे ८,००० रुपये होईल. अशा वेळी विकणे फायद्याचे. वीस दिवस गरज असेल, तर भाडे २०,००० रुपये होईल. मग ठेवणे फायद्याचे. बारा दिवस ही येथील सीमारेषा आहे.

आता समजा, त्याच्यावर दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाचे कर्ज आहे. ४०,००० रुपये कर्जात भरले, तर वर्षाचे ९,६०० रुपये व्याज वाचते. म्हणजे कॅमेरा ठेवण्याचा खरा खर्च २१,६०० रुपये होतो. मग वीस दिवसांची गरज असतानाही विकणेच हिताचे ठरते.

या हिशेबात ९०,००० हा आकडा कोठेही आला नाही, हे लक्षात आले का? तो पैसा खर्च होऊन गेला आहे. 'नव्वद हजारांची वस्तू चाळीसला कशी देऊ?' असे म्हणून आपण भूतकाळाशी भांडत बसतो आणि तेवढ्यात आणखी दहा हजार निघून जातात.

हिशेबाला एक मर्यादाही आहे. लग्नाच्या एकाच मुहूर्तावर गावातील सर्व छायाचित्रकारांना कॅमेरे लागतात. त्या दिवशी भाड्याने कॅमेरा मिळाला नाही, तर पैसा आणि नाव दोन्ही जातात. म्हणून विकण्यापूर्वी भाड्याची सोय पक्की करावी. आणि ज्या एकाच कॅमेऱ्यावर घर चालते, तो विकून आलेली रक्कम घरखर्चात घालणे म्हणजे दुभती गाय विकून दूध आणणे होय. असा कॅमेरा विकायचा असेल, तर दुसरे साधन किंवा दुसरे काम आधी हाती असावे.

४. विक्रीची वेळ आणि रीत

चातुर्मासात लग्ने होत नाहीत. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, की महाराष्ट्रात लग्नसराई सुरू होते. उत्तरेत देवउठनी एकादशीनंतर मुहूर्त निघतात. नवे छायाचित्रकार त्याच्या आधी साधनांच्या शोधात असतात. ज्याला आपले जादा साधन विकायचे आहे, त्याने हंगामाच्या तोंडावर विकावे. ज्याला त्याच साधनावर हंगाम काढायचा आहे, त्याने हंगाम संपताच विकावे. थोडी कमी किंमत आली तरी हंगामाची मिळकत हाती असते. नवे साधन घेतल्यावर जुने 'असू दे अडीअडचणीला' म्हणून कपाटात ठेवले, तर त्याचे मोल नकळत उतरत जाते.

सर्वांत वाईट वेळ म्हणजे अडचणीची. 'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' ही म्हण बाजारात फार खरी ठरते. गरजू विक्रेता ओळखला, की ग्राहक भाव पाडतो. म्हणून कोणती वस्तू प्रथम विकायची, हे अडचण येण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

विकताना पुढील काळजी घ्यावी. खरेदीचे बिल, मूळ खोके आणि चार्जर जपून ठेवावेत. त्यांमुळे विश्वास वाढतो. वस्तूतील दोष लपवू नये. किमान तीन ठिकाणी भाव विचारावा. पावतीवर वस्तूचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही असावी. मेमरी कार्ड कॅमेऱ्यासोबत देऊ नये. त्यात ग्राहकांच्या घरची छायाचित्रे असतात. मोबाइलवरून पैसे स्वीकारताना गुप्त क्रमांक टाकावा लागत नाही. कोणी तो टाकण्यास सांगितले, तर ती फसवणूक समजावी.

फार जुना फिल्मचा कॅमेरा हाती असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी जाणकाराला दाखवावा. गुरुग्राममध्ये 'म्युझिओ कॅमेरा' हे कॅमेऱ्यांचे संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी जमवलेल्या संग्रहातून ते उभे राहिले आहे. बाजाराने टाकून दिलेल्या वस्तूला तेथे इतिहासाचे मोल आले.

शेवटी एक भेद विसरू नये. कॅमेरा विकता येतो आणि पुन्हा घेताही येतो. परंतु निगेटिव्ह आणि जतन केलेली छायाचित्रे एकदा गेली, की परत मिळत नाहीत. साधन विकावे, काम विकून टाकू नये.

शब्दार्थ

चलत्‌चित्र – हलते चित्र
फीत – फिल्मची पट्टी
तिवई – कॅमेरा ठेवण्याची तीन पायांची घडवंची
नावारूपास येणे – प्रसिद्ध होणे
भाव पाडणे – किंमत कमी करावयास लावणे
लग्नसराई – लग्नांचा हंगाम

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
१. सावेदादांनी दिल्ली दरबाराचे चित्रण ........ मध्ये केले.
२. कॅमेऱ्याच्या मुख्य भागापेक्षा चांगल्या ........चे मोल सावकाश उतरते.
३. कर्ज नसताना पाठातील उदाहरणात ........ दिवस ही सीमारेषा आहे.

भाषाभ्यास

'भाव विचारावा', 'पावती घ्यावी', 'साधन विकावे' या वाक्यांतील क्रियापदांवरून कर्तव्य किंवा योग्यता यांचा बोध होतो. अशा क्रियापदांना विध्यर्थी क्रियापदे म्हणतात. येथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलले आहे. नकार दाखवताना 'नये' वापरतात: दोष लपवावा – दोष लपवू नये. पाठातून अशी आणखी चार वाक्ये शोधून लिहा.

आपण काय शिकलो?

• साधनाचे आजचे मोल त्याच्या खरेदीच्या किमतीवर ठरत नाही.
• ठेवण्याचा खर्च आणि भाड्याचा खर्च यांची तुलना करून निर्णय घ्यावा.
• अडचण येण्यापूर्वी घेतलेला निर्णय अधिक लाभाचा असतो.

पाठान्त प्रश्न

१. सावेदादा आणि दादासाहेब फाळके यांच्या निर्णयांतील फरक स्पष्ट करा.
२. 'दुभती गाय विकून दूध आणणे' याचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
३. पाठातील उदाहरणात कॅमेऱ्याचे दिवसाचे भाडे १,५०० रुपये असते आणि कर्ज नसते, तर सीमारेषा किती दिवसांची झाली असती?
४. 'साधन विकावे, काम विकून टाकू नये' या विधानाविषयी तुमचे मत आठ ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या व्यवसायातील एखादे साधन निवडा. त्याचे आजचे मोल, एक वर्षानंतरचे अंदाजे मोल, देखभाल आणि भाडे यांचा तक्ता करा. ते विकावे की ठेवावे, हे कारणांसह लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न – १. १९०३  २. लेन्स  ३. बारा
पाठान्त प्रश्न ३ – आठ दिवस