थाई भाषेची दुसरी पायरी
(द्वितीय वर्ष, कला)

कोणत्याही परकीय भाषेची पहिली पायरी गोड असते. थाई भाषेत ‘स्वस्ति’पासून घडलेले ‘सवात्दी’ म्हणून नमस्कार करावा, वाक्याच्या शेवटी बायकांनी ‘खा’ आणि पुरुषांनी ‘ख्रप्’ जोडावे, आकडे म्हणावेत, बाजारात भाव विचारावा, एवढे वर्षभरात कुणालाही जमते. क्रियापद चालवायचे नाही, लिंग-वचन-विभक्तीची कटकट नाही. खरा कस लागतो तो पुढे, वृत्तपत्रातला उतारा समोर येतो तेव्हा. विद्यापीठाच्या थाई वर्गात मी सध्या या पायरीवर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ येथे कोणते भांडवल असते, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

आरंभीची पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतून आणि रोमन लिपीतून शिकवतात. आमच्या घरी इंग्रजी हीच माझ्यापासून सुरू झालेली भाषा. त्यामुळे रोमन लिपीतून थाई शिकणे म्हणजे एका परक्या गावाहून दुसऱ्या परक्या गावाची गाडी पकडण्यासारखे होते. थायलंडच्या सरकारमान्य रोमन लेखनात सूर दाखवत नाहीत आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ हेही कळत नाही. थाईमध्ये तर या दोहोंवर अर्थ अवलंबून असतो. तिथे पाच सूर आहेत आणि त्यांची नावे ऐकून आपल्याला घरचेच कुणी भेटल्यासारखे वाटते : सामान, एक, थो, त्री, चत्तवा.

थाई लिपीत ४४ व्यंजने आहेत. त्यांपैकी दोन आता वापरात नाहीत. त्यांचे तीन गट केलेले असतात : मध्यम ९, उच्च ११, नीच २४. पहिल्या वर्षी हे गट पाढ्यांसारखे पाठ करून घेतात. पण आपली वर्णमाला समोर ठेवली की पाठांतराचे ओझे निम्मे उतरते. वर्गातले पहिले अक्षर, म्हणजे क, च, ट, त, प, हे मध्यम. दुसरे, ख, छ, ठ, थ, फ, हे उच्च, आणि त्यांच्याबरोबर श, ष, स, ह. तिसरे, चौथे व पाचवे हे नीच. थाई लोकांनी काही जादा अक्षरे मध्ये घातली आहेत, पण सांगाडा तोच. कोशातला क्रमही हाच आहे. इतकेच काय, ‘ह’नंतर ‘ळ’ येतो! त्याचा उच्चार मात्र ‘ल’ असा करतात. क्रीडेला पालीत ‘कीळा’ म्हणतात. थाई माणूस तो शब्द ‘ळ’नेच लिहितो आणि ‘कीला’ म्हणतो.

हे गट का पडले, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आज थाईमध्ये ख, ग, घ ही तिन्ही अक्षरे ‘ख’ अशीच उच्चारतात. पूर्वी ‘ग’चा उच्चार घोष होता. तो घोष लोपला, पण जाताना सुराचा फरक मागे ठेवून गेला. म्हणून ‘ख’ने लिहिलेला ‘खा’ चढत्या सुरात म्हणतात, त्याचा अर्थ पाय. ‘ग’ने लिहिलेला ‘खा’ सपाट सुरात, त्याचा अर्थ अडकलेला. ‘भाषा’ हा शब्द घ्या. उच्चार ‘फासा’. पहिले अक्षर सपाट, कारण लेखनात ‘भ’ आहे; दुसरे चढते, कारण तिथे ‘ष’ आहे. शुद्धलेखनात श-षचा घोळ घालणाऱ्या आपल्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे! संस्कृत रूप माहीत असलेल्याला लेखन आठवते आणि लेखनावरून सूर सापडतो.

अर्थाच्या बाबतीत मात्र हे नाते फसवे आहे. ‘प्रयोक’ म्हणजे प्रयोग नव्हे, वाक्य. ‘फयायाम’ हा व्यायामच, पण अर्थ प्रयत्न करणे. ‘सत्त्व’ तिथे प्राणी झाले आणि ‘संसार’ शब्दाचा अर्थ झाला कीव करणे. (संसारी मंडळींना हा बदल पटावा.) कलाशाखेला ‘शिल्पशास्त्र’ म्हणतात, तेव्हा आपण सगळे तिथे शिल्पशास्त्राचेच विद्यार्थी ठरलो असतो. मेरी हास यांचा १९६४ सालचा थाई-इंग्रजी कोश अशा वेळी उशाशी असावा.

मानमर्यादेचा भाग आपल्याला जड जाऊ नये. जेवणे या एका क्रियेला घरात ‘किन’, सभ्य बोलण्यात ‘रप्प्रथान’, भिक्षूंसाठी ‘छन’ आणि राजघराण्यासाठी ‘सवय’ असे निरनिराळे शब्द आहेत. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्याला याचे फारसे नवल वाटत नाही.

वाचन मात्र सोपे नाही, आणि येथे बाराखडीही मदतीला येत नाही. थाईमध्ये दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ‘ता-क्लोम’ म्हणजे गोल डोळे, ‘ताक-लोम’ म्हणजे वाऱ्यावर बसणे; कागदावर दोन्ही अक्षरशः सारखेच. कोणते घ्यायचे ते मागच्या-पुढच्या मजकुरावरून ठरते. आम्ही सध्या पेन्सिलीने शब्दाशब्दांमध्ये बारीक रेघा ओढत वाचतो. एका पानाला दीड तास लागतो.