ब्रेक निकामी होतो तेव्हा

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) ह्याचे तत्त्व आहे. विजेच्या सायकलीचा तेलावर चालणारा डिस्क ब्रेक त्यावरच आधारलेला असतो. मुठीजवळचा लहान दट्ट्या नळीतील तेल ढकलतो. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असल्यास जोरही चौपट मिळतो आणि ब्रेक पॅड तबकडीला आवळतात.

द्रव सहसा दबत नाही. हवा मात्र दबते. म्हणून नळीत हवा शिरली की लिव्हर मऊ लागतो व मुठीला टेकतो. लिव्हर घट्ट असूनही सायकल थांबत नसेल, तर पॅड झिजले किंवा तेलकट झाले असावेत.

काही ब्रेकांत खनिज तेल, तर काहींत डॉट वर्गाचा द्रव असतो. एकाच्या जागी दुसरा घातल्यास रबरी कड्या बिघडतात. डॉट द्रव हवेतील ओल शोषतो; डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २३०, तर ओलसर स्थितीत १५५ अंश सेल्सिअस धरला जातो. दिल्लीच्या पावसाळी हवेत हे ध्यानात ठेवावे.

उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक निकामी झाल्यास प्रथम मोटर बंद करावी. दोन्ही चाकांच्या नळ्या स्वतंत्र असल्याने दुसरा ब्रेक हळूहळू दाबावा. निकामी लिव्हर भराभर दाबल्यास कधी थोडा दाब परत येतो. वेग ताशी २५ वरून साडेबारा किलोमीटरवर आला, की गतिज ऊर्जा चौथाईच उरते. थांबल्यावर मात्र पुन्हा स्वार न होता सायकल हाताने न्यावी.