रुग्णाचा अनुभव आणि आरोग्य केंद्राची सुधारणा

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत दिवसभरात किती रुग्ण आले, किती जणांचा रक्तदाब मोजला, किती गोळ्या वाटल्या, हे लिहिलेले असते. औषध न मिळाल्याने जो रुग्ण पुन्हा आलाच नाही, त्याच्या न येण्याचे कारण मात्र त्या वहीत सापडत नाही. ते त्याच्याच तोंडून कळते.

उच्च रक्तदाब असलेल्या एखाद्या शेतमजूर स्त्रीचे उदाहरण घ्यावे. तिला एका वेळी सातच दिवसांच्या गोळ्या मिळतात. केंद्र दूर असल्याने दर फेरीला मजुरी बुडते. तीन-चार फेऱ्यांनंतर ती येणे थांबवते व नोंदीत ‘उपचार सोडलेली रुग्ण’ ठरते. पुढे पक्षाघात झाला, तर दोष तिच्या निष्काळजीपणाला दिला जातो. तिला कोणी विचारले असते, तर अडचण गोळ्यांच्या संख्येत आहे हे लगेच समजले असते. 2017 साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे महाराष्ट्रातील जिल्हे आरंभीच होते. त्यात रुग्णाला एकदम महिनाभराची औषधे देण्यावर भर देण्यात आला.

लोकांनी आपला अनुभव सर्वांसमक्ष सांगावा आणि अधिकाऱ्यांनी तेथेच उत्तर द्यावे, या जनसुनवाईच्या पद्धतीला राजस्थानात डिसेंबर 1994 पासून बळ मिळाले. तेव्हा विषय रोजगाराच्या कामांचा व मजुरीच्या हिशेबाचा होता. महाराष्ट्रात 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा वा लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत रुग्णांनी बोलायचे, अशी तिची रीत होती. बंद उपकेंद्र, बाहेरून आणायला लावलेली औषधे, मोफत सेवेसाठी मागितलेले पैसे, असे प्रश्न तेथे मांडले गेले. लाल रंगामुळे सेवा कोठे अडली ते दिसे. ती का अडली, हे रुग्णाच्या बोलण्यातून उलगडे. अशा बोलण्याने कर्मचारी दुखावतात, असे म्हटले जाते. वास्तविक औषधसाठा वरूनच आला नसेल, तर बोलणी परिचारिकेलाच खावी लागतात. खरे कारण उघड झाल्यास तिचाही भार हलका होतो.

जयपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही संकोच बाळगू नये. राजस्थानात 2 ऑक्टोबर 2011 पासून मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजनेद्वारे सरकारी आरोग्य संस्थांत यादीतील औषधे मोफत मिळतात. तरीही औषध बाहेरून घ्यावे लागल्यास त्याचे नाव, तारीख व मिळालेले उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावे. चिठ्ठी व पावती जपावी. हिंदीत मांडणे अवघड वाटल्यास आधी मराठीत क्रमवार सांगून शेजाऱ्याकडून वा आशाताईंकडून लिहून घ्यावे. ‘तेथे कोणी लक्ष देत नाही’ एवढेच सांगितल्यास समितीला काही करता येत नाही. ‘मंगळवारी सकाळी दहाला आलो, बारापर्यंत रक्तदाब मोजला गेला नाही’ असे सांगितल्यास कोठे पाहावे हे कळते. चांगला अनुभवही अवश्य कळवावा. कोणत्या परिचारिकेने गोळ्यांची वेळ नीट समजावली, हेही केंद्राला ठाऊक असावे.

हा अनुभव प्रथम केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, तसेच रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्यावा. बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली का व पुढे काय झाले, हे पुढील बैठकीच्या वेळी विचारावे. राजस्थानात 181 या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. केंद्र शासनाच्या 2016 मधील ‘मेरा अस्पताल’ उपक्रमातून सेवेविषयी विचारणा आल्यास ती टाळू नये. त्यासाठी नोंदणीच्या वेळी आपला योग्य मोबाइल क्रमांक द्यावा.

दुसऱ्या रुग्णाचा अनुभव त्याच्या संमतीविना सांगू नये. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात वा मानसिक आजाराच्या बाबतीत नाव, गाव व ओळख पटेल असा तपशील गाळावा. आणि तक्रारीचे उत्तर येईपर्यंत औषध थांबवू नये. गोळ्या संपण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटून पर्यायी औषधाविषयी विचारावे.